'एन्करेज'ला मराठीत काय म्हणावं?

वळणवाट

पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला घरी सोडताना नातेवाइकांच्या हातात द्यायची एक पुस्तिका मराठीत आणते आहे. बारा पानं आहेत. इंग्रजी सरळ आहे, वैद्यकीय शब्दांचीही अडचण नाही. अडले आहे ती एका रोजच्या क्रियापदाशी, एन्करेज. बारा पानांत ते अकरा वेळा येतं.

पहिल्या खर्ड्यात मी सगळीकडे 'प्रोत्साहन देणे' लिहीत गेले. मग मोठ्यानं वाचून पाहिलं. 'रुग्णास खोकण्यासाठी प्रोत्साहन द्यावे.' 'द्रवपदार्थांना प्रोत्साहन द्यावे.' 'रुग्णांना प्रश्न विचारण्यास प्रोत्साहित केले जाते.' यातलं एकही वाक्य वाचून कुणी जागचं उठेल आणि काही करेल असं वाटेना.

हे मला लागतं त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी आईचं ऑपरेशन झालं तेव्हा असाच एक कागद मिळाला होता. त्यात 'हालचालीस प्रोत्साहन द्यावे' असं लिहिलेलं. मी आपली तिच्या उशाशी बसून 'होईल सगळं नीट, तू खंबीर आहेस' म्हणत राहिले. तिला धरून उभं करायचं, दोन पावलं चालवायचं, हे मला तिसऱ्या दिवशी कुणीतरी सांगितलं तेव्हा कळलं. तो शब्द बरोबर असता तर दोन दिवस वाया गेले नसते.

तर विचारायचं आहे ते असं, की या शब्दाचा इंग्रजीतला पसारा नक्की केवढा आहे, आणि मराठीत तुम्ही कुठे काय वापरता? नुसता प्रतिशब्द नको, वाक्य द्या.

जुनी वही

वळणवाट, पंचवीस वर्षं इंग्रजी शिकवलं. हे क्रियापद मुलांना वाचताना कळतं आणि लिहिताना चुकतं, हा कायमचा अनुभव. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. 'कोराज' म्हणजे काळीज, मन, मनाचा कल. त्याच्या मागे लॅटिन 'कोर', म्हणजे हृदय. त्याला 'एन' जोडला की अर्थ होतो आत काळीज घालणं, धीर भरणं. इंग्रजीत तो पंधराव्या शतकात आला. इंग्रजी 'हार्ट', ग्रीक 'कार्दिआ' आणि लॅटिन 'कोर' हे एकाच मूळ शब्दाचे वंशज. आपलं 'हृद्' त्यांच्याच गोतावळ्यातलं मानतात, फक्त त्याचं पहिलं अक्षर ध्वनिनियमांत नीट बसत नाही. इंग्रजीच्या घरातला याच अर्थाचा शब्द 'हार्टन', पण तो आता फारसा बोलण्यात नाही.

म्हणजे मुळात हा शब्द 'धीर देणे' एवढाच होता. पुढे तो पसरला. खचलेल्या माणसाला धीर देणं हा पहिला अर्थ. एखाद्यानं अमुक करावं म्हणून त्याला सांगणं, मागे लागणं, सोय करून देणं हा दुसरा. आणि एखादी गोष्ट घडावी, वाढावी अशी परिस्थिती निर्माण करणं हा तिसरा. या तिसऱ्यात माणूस असायची गरजच नाही. तुमची अकरा वाक्यं या तिघांत वाटून बघा, निम्मी गुंतागुंत तिथेच सुटेल. माझा अंदाज असा की पुस्तिकेत पहिला अर्थ जेमतेम एकदाच आला असेल. आणि 'प्रोत्साहन' ऐकल्यावर आपल्या डोळ्यांसमोर नेमका तोच पहिला अर्थ येतो. तुमच्या आईच्या वेळी हेच झालं.

आता व्याकरण. मराठीतून विचार करणारा 'हिम' नंतर 'फॉर' घालतो, कारण डोक्यात 'अभ्यासासाठी' असतं. इंग्रजीत 'फॉर' चालत नाही. माणूस, मग 'टू', मग क्रियापद: 'शी एन्करेज्ड हिम टू अप्लाय.' माणूस गाळून 'एन्करेज टू रीड' असं लिहिता येत नाही. माणूस नको असेल तर 'एन्करेज रीडिंग'. उलट शब्दाला मात्र 'टू' नाही, 'फ्रॉम' लागतो: 'डिस्करेज्ड हिम फ्रॉम अप्लाइंग'. या दोन रचना एकमेकींत मिसळणं ही परीक्षेच्या पेपरातली सगळ्यात नेमानं भेटणारी चूक.

उच्चाराबद्दल एक. आपण 'एन्करेज' म्हणतो आणि शेवटचा भाग लांबवतो. इंग्रजीत जोर मधल्या 'क' वर असतो आणि शेवट आखूड, 'इन्-क-रिज' असा.

ऐसपैस

छान धागा. 'उत्तेजन देणे' का नको? जुना, मराठीत मुरलेला शब्द आहे.

रात्रपाळी

मी नर्स आहे. वळणवाट, तुमचं 'द्रवपदार्थांना प्रोत्साहन' वाचून थांबलेच, कारण मूळ वाक्य काय असणार ते बघता क्षणी कळलं. 'एन्करेज फ्लुइड्स'. आमच्या कागदांवर हे रोज लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ रुग्णाशी गोड बोलणं असा नसतो. पेला त्याच्या हाताला लागेल असा ठेवा, दर थोड्या वेळानं दोन घोट समोर धरा, किती प्यायला ते बघा. जबरदस्ती नाही, पण 'तहान लागली की मागेल' असं म्हणून सोडूनही द्यायचं नाही. या दोन्हींच्या मधली जी जागा आहे तिला आमच्याकडे एन्करेज म्हणतात. मराठीत मी लिहीन: 'थोड्या थोड्या वेळानं पाणी आणि पातळ पदार्थ देत राहा.' त्या 'देत राहा'मध्ये सगळं आलं. अर्थात पाणी किती चालेल हे डॉक्टरांनी आखून दिलेलं असेल तर ते आधी.

'एन्करेज मोबिलायझेशन' म्हणजे तुमच्या आईच्या वेळचं वाक्य. 'आधार देऊन बसतं करा, उभं करा, थोडं थोडं चालवा.' इथे मराठीचं प्रयोजक रूप कामाला येतं: बसवणं, चालवणं, बोलतं करणं, खातं करणं. 'बोलतं करणं' तर मला फारच आवडतं. माणूस बोलतो स्वतःच, आपण फक्त त्याला तिथवर आणतो.

प्रथमोपचारातलं आणखी एक वाक्य सांगते. सुई टोचली तर काय करायचं, या सूचनेत इंग्रजीत 'एन्करेज द वूंड टू ब्लीड' असं असतं. याचा शब्दशः अनुवाद मी छापलेला पाहिला आहे, 'जखमेस रक्तस्रावासाठी प्रोत्साहित करा'. सुई टोचलेल्या, घाबरलेल्या माणसाला हे वाचून काय कळणार? 'जखम वाहत्या पाण्याखाली धरा, रक्त वाहू द्या, चोखू नका.' इंग्रजीत जिथे एन्करेज आहे तिथे आपल्याकडे 'देणे' हे साधं सहायक क्रियापद पुरतं. वाहू द्या, होऊ द्या, करू द्या.

मुद्रितशोधक

रात्रपाळी, 'देत राहा' आणि 'वाहू द्या' दोन्ही उचलून ठेवतो आहे.

ऐसपैस यांच्या 'उत्तेजन'बद्दल. शब्द जुना आहे हे खरं, आणि त्याचा इतिहास मोठा सुंदर आहे. संस्कृतात 'तिज्' म्हणजे धार लावणे. तीक्ष्ण, तेज, उत्तेजन ही सगळी त्याचीच प्रजा. उत्तेजन म्हणजे बोथट झालेल्याला धार देणं. आणि गंमत अशी की लॅटिनमधून इंग्रजीत आलेला 'इन्स्टिगेट', म्हणजे चिथावणे, हाही याच कुळातला आहे. शिवाय इंग्रजीत 'एग ऑन' असा एक वाक्प्रचार आहे, भरीस घालणे या अर्थाचा. त्या 'एग'चा अंड्याशी संबंध नाही. तो जुन्या नॉर्स भाषेतून आलेला, 'एज' म्हणजे धार या शब्दाचा भाऊबंद. म्हणजे धार लावण्याची कल्पना दोन्हीकडे आहे. इंग्रजीत ती चिथावणीकडे झुकली, आपल्याकडे बराच काळ ती चांगल्या अर्थी टिकली.

एकोणिसाव्या शतकातल्या आपल्या संस्थांची नावं आठवा. वक्तृत्वोत्तेजक सभा. ग्रंथोत्तेजक संस्था. नाटक उत्तेजक मंडळी. याच धर्तीचं नाव इंग्रजीत त्याच्याही आधीचं आहे. १७५४ साली विल्यम शिपली यांनी लंडनमध्ये जी संस्था काढली तिच्या नावातच 'कला, उद्योग आणि व्यापार यांच्या एन्करेजमेंटसाठी' असं होतं. आज ती रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्स म्हणून ओळखली जाते. तिचं एन्करेजमेंट म्हणजे भाषणं नव्हती. नव्या शोधाला, चांगल्या चित्राला ती रोख बक्षीस आणि पदकं देत असे. त्याही आधी, १७१० चा ब्रिटिश कॉपीराइटचा कायदा. त्याच्या नावात 'विद्येच्या एन्करेजमेंटसाठी' असे शब्द आहेत, आणि कायद्यानं दिलं काय, तर नवं पुस्तक छापण्याचा १४ वर्षांचा हक्क, लेखक तोवर हयात असेल तर आणखी १४ वर्षं. त्या काळी हा शब्द पैसा आणि हक्क यांच्याबरोबर चालत होता. आपलं 'उत्तेजन' तसंच होतं. काहीतरी ठोस दिल्याशिवाय उत्तेजन होत नसे.

पण आज 'उत्तेजक' म्हटलं की खेळाडूंनी घेतलेलं औषध किंवा भडक दृश्य आठवतं. शब्दाची ती बाजू इतकी वाढली की चांगली बाजू 'प्रोत्साहन'नं घेतली. रुग्णाच्या पुस्तिकेत 'उत्तेजन' लिहिलं तर आज नको तो अर्थ डोकावेल.

एकाच जागी तो शब्द अजून पाय रोवून उभा आहे: उत्तेजनार्थ बक्षीस. इंग्रजीत याला 'कन्सोलेशन प्राइझ' म्हणतात, म्हणजे सांत्वनाचं बक्षीस. हरलास, वाईट वाटून घेऊ नकोस. आपण त्याच मुलाला म्हणतो, पुढच्या वेळी ये, ही धार लावून दिली. मला यात मराठीचं मन दिसतं आणि दर वेळी बरं वाटतं.

ऐसपैस

हे माहीत नव्हतं. सूचना मागे घेतो, शब्द मात्र जास्तच आवडायला लागला.

कलम

वकिलीच्या अंगानं भर घालतो. हा शब्द चांगलाच असतो असा आपला समज आहे, कारण तो आपण शाळेत बक्षीससमारंभाच्या भाषणात ऐकतो. इंग्रजीत तसं काही नाही. इंग्लंड-वेल्समध्ये २००७ च्या 'सीरियस क्राइम ॲक्ट'नं चिथावणीचा जुना गुन्हा काढून टाकला आणि त्या जागी जो आणला त्याचं नाव गुन्ह्याला 'एन्करेज' किंवा 'असिस्ट' करणे. इथे 'गुन्ह्यास प्रोत्साहन' लिहिलं की ढोलताशे वाजल्यासारखं होतं. चिथावणी, फूस, भरीस घालणं, यातलं काहीतरी हवं.

आणि मराठीची श्रीमंती इथेच दिसते. वाईट गोष्टीला एन्करेज करायचं असेल तर आपल्याकडे शब्दांची रांग आहे आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. फूस लावणारा स्वतः मागे लपतो. चिथावणी देणारा राग पेटवतो. भरीस घालणारा नको म्हणणाऱ्याला हो म्हणायला लावतो. खतपाणी घालणारा आधीच रुजलेली वाईट गोष्ट वाढवतो. थारा देणारा काही करतच नाही, फक्त हाकलून देत नाही. हरभऱ्याच्या झाडावर चढवणारा खोटी स्तुती करतो. इंग्रजी वाक्यात या सगळ्यांच्या जागी एकच एन्करेज असू शकतं. अनुवाद करणाऱ्यानं मग संदर्भ वाचून ठरवायचं, की हा माणूस लपलेला आहे की समोर उभा आहे.

'डोन्ट एन्करेज हिम' हे बोलण्यातलं वाक्यही असंच. कुणी पाचकळ विनोद करतोय आणि दुसरा हसतोय, तेव्हा तिसरा हे म्हणतो. मराठीत काय? 'हसू नकोस, अजून चेव येईल त्याला.' यात प्रोत्साहन हा शब्द कुठून आणणार?

वापर काळाबरोबर कसा कडवट होतो त्याचा एक दाखला देतो. ब्रिटिश आरमाराचा ॲडमिरल जॉन बिंग याला मिनॉर्का बेट वाचवण्यासाठी पुरेशी शर्थ केली नाही म्हणून १४ मार्च १७५७ ला गोळ्या घातल्या. दोनच वर्षांनी फ्रेंच लेखक व्होल्तेरनं 'कांदीद' या कादंबरीत लिहिलं की या देशात इतरांना 'एन्करेज' करण्यासाठी अधूनमधून एखादा ॲडमिरल मारणं चांगलं समजतात. तो फ्रेंच वाक्यांश इंग्रजीत जसाच्या तसा राहिला. आजही एकाला जबर शिक्षा करून बाकीच्यांवर धाक बसवला की तो वापरतात. मूळ शब्दातलं धैर्य तिथे भीती होऊन बसलं.

पानफुटी

मी बागकाम करते, त्यामुळे इंग्रजीतली झाडांची पुस्तकं वाचते. तिथे हा शब्द पानोपानी. 'प्रूनिंग एन्करेजेस न्यू ग्रोथ.' छाटणी नव्या वाढीला प्रोत्साहन देते? मराठीत छाटणी कुणाला काही देत नाही. 'छाटलं की नवे धुमारे फुटतात.' तसंच ओलावा बुरशीला प्रोत्साहन देत नाही, ओल राहिली की बुरशी धरते. निर्जीव गोष्ट कर्ता झाली की आपलं वाक्य अवघडतं. 'मुळे' किंवा 'की' वापरून वाक्य फिरवलं तर शब्दाची गरजच संपते. जुनी वही यांच्या तिसऱ्या अर्थाला माझ्या मते प्रतिशब्द शोधूच नये.

निळी शाई

सगळं वाचलं, आवडलंही, पण थोडा वेगळा सूर लावते. प्रोत्साहन हा शब्द इतका वाईट नाही. वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला तो कळतो. 'लघुउद्योगांना प्रोत्साहन', 'गुंतवणुकीला प्रोत्साहन' यात काहीच खटकत नाही. सरकारी आणि संस्थांच्या भाषेत एकच शब्द ठरलेला असण्याचा फायदा असतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९४५ च्या सनदेत पहिल्याच कलमात मानवी हक्कांबद्दलचा आदर 'प्रमोट' आणि 'एन्करेज' करणं असे दोन शब्द शेजारी शेजारी आहेत. प्रत्येक अनुवादकानं तिथे आपापल्या आवडीचा शब्द घातला तर कायद्याचा मजकूर कसा चालेल?

आणि तिथल्या ठरावांत तर क्रियापदांची उतरंडच असते. 'एन्करेजेस' सौम्य, 'अर्जेस' त्याहून जोरकस, 'डिमांड्स' आणखी कडक, 'डिसाइड्स' म्हणजे निर्णयच. कुठलं क्रियापद घालायचं यावर मसुदा लिहिताना घासाघीस होते. तिथे 'देत राहा', 'होऊ द्या' चालणार नाही. प्रोत्साहन, आग्रह, मागणी, निर्णय असे पक्के खुंटेच हवेत.

मुद्रितशोधक

निळी शाई, मान्य. ठराव आणि कायदा यांना ठरलेला शब्द हवाच. माझा आक्षेप तो शब्द ऑपरेशन झालेल्या माणसाच्या उशाशी नेऊन ठेवण्याला आहे.

एक मात्र आठवण करून देतो. अनेक जण 'एन्करेज टू'साठी 'प्रवृत्त करणे' वापरतात. ते धोक्याचं आहे. 'मी त्याला अर्ज करण्यास प्रवृत्त केले' म्हटलं की त्यानं अर्ज केला असंच ऐकणारा धरतो. इंग्रजीत 'आय एन्करेज्ड हिम टू अप्लाय, बट ही डिडन्ट' हे वाक्य अगदी निर्दोष आहे. 'पर्सुएड' घातलं तर ते अडखळतं. म्हणजे 'प्रवृत्त करणे' हे 'पर्सुएड'च्या जवळचं. एन्करेजमध्ये आपण आपल्या बाजूनं केलं, पुढचं त्याच्यावर.

वळणवाट

हे फार कामाचं निघालं. माझ्या खर्ड्यात दोन ठिकाणी 'प्रवृत्त करावे' होतं, काढलं.

एक वाक्य अजून अडलं आहे. 'पेशंट्स आर स्ट्राँगली एन्करेज्ड टू स्टॉप स्मोकिंग.' आणि त्याचं सौम्य भावंड, 'क्वेश्चन्स आर एन्करेज्ड.' कोण एन्करेज करतंय ते दोन्हीकडे गुप्त आहे.

जुनी वही

ही इंग्रजी कार्यालयीन भाषेची खास लकब आहे. सक्ती नाही, पण तुम्ही करावं अशी आमची इच्छा आहे, आणि ती इच्छा कुणाची ते आम्ही सांगत नाही. 'स्ट्राँगली' लागला की ते सक्तीच्या उंबरठ्यापर्यंत येतं, पण आत पाऊल टाकत नाही. मराठीत कर्मणी प्रयोग ठेवला की वाक्य निर्जीव होतं, म्हणून सरळ वाचणाऱ्याशी बोला. 'धूम्रपान सोडाच' यातला 'च' तुमचं 'स्ट्राँगली' आहे. अर्थ नेमका ठेवायचा तर 'धूम्रपान सोडावं असा आमचा आग्रह आहे'. आग्रह हा शब्द मला इथे तंतोतंत वाटतो. आग्रहात जोर असतो, नाही म्हणायची मोकळीकही असते. प्रश्नांसाठी 'मनात शंका ठेवू नका, विचारा' पुरे.

'एन्करेजिंग साइन्स'ला 'प्रोत्साहनपर' लिहू नका. 'आशादायक' हा डॉक्टरांच्या तोंडचा शब्द आहे, आणि घरच्यांच्या भाषेत 'उतार पडतोय'. कुणाला 'एन्करेज्ड' वाटलं तर मराठीत त्याला हुरूप येतो, उमेद वाटते, बळ येतं. बघा, सगळं 'येतं' किंवा 'वाटतं'. बाहेरून कुणी घालत नाही.

चौकट

लहान मुलांबरोबर काम करते, म्हणून एका फरकाबद्दल लिहावंसं वाटतं: शाबासकी आणि एन्करेजमेंट. मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलर आणि त्यांचे शिष्य रुडॉल्फ ड्रायकर्स यांनी मुलं वाढवण्याच्या विचारात हा शब्द अगदी मध्यभागी ठेवला. बेशिस्त वागणारं मूल हे मुळात खचलेलं, 'डिस्करेज्ड' मूल असतं, अशी ड्रायकर्स यांची मांडणी. त्यांच्या मते शाबासकी काम झाल्यावर आणि यश आल्यावर मिळते. एन्करेजमेंट काम चालू असताना, चुकत असतानाही देता येते, किंबहुना तेव्हाच लागते.

१९९८ मध्ये क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाचवीतल्या मुलांना कोडी सोडवायला दिली. काहींना 'हुशार आहेस' म्हटलं, काहींना 'मेहनत घेतलीस' म्हटलं. पुढे अवघड कोड्यांत अपयश आल्यावर हुशारीची स्तुती झालेली मुलं लवकर मागे हटली, त्यांना मजाही कमी वाटली. मेहनतीची दखल घेतलेली टिकून राहिली.

हे इथे लिहायचं कारण म्हणजे आपण 'एन्करेज करा' ऐकलं की 'छान, शाब्बास, मस्त' सुरू करतो. वळणवाट यांनी आईच्या उशाशी तेच केलं असणार, कुणीही केलं असतं. 'तू खंबीर आहेस' ही स्तुती आहे. 'काल उठून बसलीस, आज दोन पावलं टाकू, मी धरते' हे एन्करेज. यात काय झालं ते आहे, पुढचं पाऊल आहे आणि मी बरोबर आहे हेही आहे. पुस्तिकेत नातेवाइकांसाठी एखादं असं नमुन्याचं वाक्य देता येईल का बघा. 'प्रोत्साहनपर शब्द बोला' यापेक्षा ते कितीतरी उपयोगी.

रात्रपाळी

चौकट, अगदी. वॉर्डात आम्ही नेमकं हेच बोलतो, नाव माहीत नव्हतं.

खोकण्याच्या वाक्याबद्दल लिहायचं राहिलं. पोटावर टाके असले की माणूस खोकायला घाबरतो, दुखतं म्हणून. पण कफ साचू देऊन चालत नाही. म्हणून 'एन्करेज डीप ब्रीदिंग अँड कफिंग'. आम्ही काय करतो? रुग्णाला बसतं करतो, पोटाशी उशी घट्ट धरायला सांगतो, म्हणजे टाक्यांना आधार मिळतो. मग एक हात त्याच्या पाठीवर ठेवतो आणि म्हणतो, लांब श्वास घ्या, आता खोका. तो हात पाठीवर नसला तर बरेच जण नुसतं खाकरतात. हात असला की खोकतात. इतक्या वर्षांत मला याचं कारण कळलेलं नाही, पण असं होतं खरं.

मुद्रितशोधक

रात्रपाळी, तुमचा तो हात वाचला आणि सकाळपासून एकच गोष्ट डोक्यात आहे. इंग्रजीनं या शब्दासाठी काळीज निवडलं. मराठीनं पाठ निवडली. पाठ थोपटणे. पाठीवर हात ठेवणे. पाठीशी उभं राहणे. पाठबळ. पाठिंबा. पाठराखण. 'प्रोत्साहन' आणि 'उत्तेजन' संस्कृतातून आले, 'हिंमत' आणि 'उमेद' अरबी-फारसीतून, आणि घरातलं जे होतं ते सगळं पाठीभोवती. पाठ म्हणजे माणसाला स्वतःची दिसत नाही ती बाजू. तिथे कुणीतरी आहे, एवढं कळलं की तो पुढे बघू शकतो. काळजात काही घालावं लागत नाही.

आणि यातही बारकावे. पाठ थोपटतात ती काम झाल्यावर. पाठीवर हात ठेवतात तो काम अजून व्हायचं असताना. पाठबळ पैशाचं, माणसांचं असू शकतं. पाठराखण करायची तर समोर कुणीतरी हल्ला करणारा हवा. चौकट यांनी शाबासकी आणि एन्करेजमेंट यातला जो फरक सांगितला तो आपल्या भाषेत आधीच आहे, थोपटणारा हात आणि ठेवलेला हात असा.

निळी शाई

ही यादी वाचून मी माझं मत थोडं बदलते. ठरावात प्रोत्साहनच राहू दे. पण शिकाऊ मुलांना मी आता एन्करेजचा पहिला अर्थ 'पाठीवर हात ठेवणे' असाच सांगणार आहे.

पानफुटी

+१. झाडांना पाठ नसते, तेव्हा माझं 'धुमारे फुटतात' कायम.

वळणवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रात्री बसून अकराही वाक्यं पुन्हा लिहिली. 'प्रोत्साहन' आता पुस्तिकेत एकदाही नाही. चार ठिकाणी प्रयोजक क्रियापदं आली, दोन ठिकाणी 'देत राहा', एका ठिकाणी 'आग्रह'. 'डाएट दॅट एन्करेजेस हीलिंग'चं 'जखम लवकर भरून यावी यासाठी आहार' झालं. शंका विचारण्याचं वाक्य जुनी वही यांचं जसंच्या तसं घेतलं. चौकट यांच्या सल्ल्यानं नातेवाइकांसाठी एक चौकोन वाढवला, त्यात 'काल उठून बसलात, आज दोन पावलं टाकू, मी धरतो' असं बोलण्याचं वाक्यच दिलं आहे. आईला खर्डा वाचून दाखवला. ती म्हणाली, हे तेव्हा असतं तर तू मला लवकर उभं केलं असतंस.

खोकण्याचं वाक्य सगळ्यात शेवटी जमलं. रात्रपाळी, तुम्ही एकदा नजर टाकाल का? 'रुग्णाच्या पाठीवर एक हात ठेवा, त्याला पोटाशी उशी घट्ट धरायला सांगा, लांब श्वास घ्यायला लावा आणि मग खोकायला सांगा.'

रात्रपाळी

वाक्य छान आहे, फक्त क्रम बदला. उशी आधी. हात पाठीवर टेकला की काही जण लगेच खोकतात, तेव्हा पोटाला आधार आधीच असायला हवा.